मार्फत ५६ एपीओ

यंदा अधिक ज्येष्ठ आलाय. आमच्या लातुरात नुसती धोंड्याची गडबड चालू आहे, ज्यांच्या पोरींची लग्नं नुकतीच झालीत त्यांच्या स्टेटसला जावई पाटावर बसलेले, समोर दिव्याचं ताट, तेहतीस अनारसे, आणि जावयाच्या चेहऱ्यावर आता अजून एक धोंडा खाल्ला तर उठता येणार नाही असा भाव. मला मात्र अधिक ज्येष्ठ म्हणलं की १९९९ आठवतं. त्या साली पण अधिक ज्येष्ठच होता, १६ मेला लागला आणि जूनच्या मध्याला संपला, आणि आमचा तात्या त्या वर्षी काकूच्या माहेरचा नवाकोरा जावई होता.

तात्या म्हणजे वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ. मिल्ट्रीत ड्रायव्हर. त्याच्या कोअरचं नाव आर्मी सर्व्हिस कोअर हे मला लई नंतर कळलं, घरात सगळे फक्त "डायवर हाय मिल्ट्रीत" एवढंच सांगायचे आणि ऐकणाऱ्याला पण तेवढंच पुरायचं. लग्न आदल्या उन्हाळ्यातलं. धोंड्यासाठी मेच्या शेवटी सुट्टी मंजूर झालेली, काकूच्या वडिलांनी तुळजापुरातून चांदीचं निरंजन आणून ठेवलेलं, सफारीचं कापड घेऊन ठेवलेलं. आणि तेवढ्यात कारगिलचं सुरू झालं. २६ मेला विमानांनी हल्ले सुरू केल्याचं रेडिओवर सांगितलं, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी तात्याचं पत्र आलं की सगळ्यांच्या सुट्ट्या कॅन्सल, काळजी करू नका, धोंडे शिळे करून ठेवू नका.

तेव्हा मी पाचवी संपवून सहावीत जाणार होते. आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून तात्याला पत्र लिहायचं काम माझ्याकडं. निळं आंतरदेशीय पत्र, आज्जी सांगणार आणि मी लिहिणार, तिनं सांगितलेल्या शिव्या गाळून. पत्ता टाकताना दर वेळी आज्जीचं तेच. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. संपला पत्ता. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही.

"ह्याला गाव न्हाई?" आज्जी विचारायची.

मी म्हणायचे नाही, असंच असतंय. पोस्टमनकाकांनी एकदा ओसरीवर बसून तिला नीट समजावलं की मिल्ट्रीची सगळी टपाल अशीच जाते, छप्पन एपीओ नाहीतर नव्याण्णव एपीओ, पुढं कोण कुठं आहे हे फक्त मिल्ट्रीच्या पोस्टाला माहीत, म्हणजे शत्रूला कळू नये आपलं माणूस कुठंय ते. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं, पोस्टमनकाकांना च्या दिला, ते गेल्यावर म्हणली, "शत्रूला कळू ने ठीकंय, पर मग आईला कसं कळावं?"

आई म्हणजे तुळजापूरची. आमचं गाव तुळजापूर आणि नळदुर्गाच्या मधी, त्यामुळं आमच्याकडं देव म्हणलं की पहिल्यांदा तीच, बाकीच्यांचे नंबर नंतर. आज्जीचं लॉजिक सरळ होतं. देवीला आपलं गाव माहीत आहे, शेत माहीत आहे, कोणाची विहीर कधी आटली ते माहीत आहे, पण तिथं वर बर्फात, लाखभर पोरं एकाच रंगाच्या कपड्यात, त्यातलं आपलं कोणतं हे तिला कोण सांगणार. म्हणून तिनं पत्ता पाठ केला. मला समोर बसवून. नंबर लांबलचक, तर त्याचे तुकडे पाडले, पहिले चार आकडे, मग दोन, मग उरलेले, आणि शेवटचं अक्षर इंग्रजी होतं ते तिला काही केल्या म्हणता यायचं नाही, ती "यक्स" म्हणायची. पंधरा दिवसात पाठ झालं.

त्यानंतर रोज दिवेलागणीला, देव्हाऱ्यासमोर, हळद-कुंकू वाहून, कवड्याची माळ हातात घेऊन आज्जी जे म्हणायची ते मला आजपण तोंडपाठ आहे. आधी "आई राजा उदो उदो" तीनदा. मग नंबर. मग "शिपाई डायवर", मग नाव, मग युनिट, मग "मार्फत छप्पन एपीओ". आणि मग मागणी. मागणीत जय नाही, विजय नाही, शत्रूचा नायनाट नाही. "त्याचे पाय कोरडे ठेव. त्याला दोन घंटे झोप लागू दे. सायबाला त्याला सुट्टी द्यायची बुद्धी दे." एवढंच. जूनमधल्या एका पत्रात तात्यानं लिहिलं होतं की रात्रीच्या गाड्या काढतो, लाईट न लावता चालवावी लागते, कारण डोंगरावर बसलेले वरून रस्ता बघतात आणि लाईट दिसली की तोफ डागतात. त्या दिवसापासून मागणीत एक वाक्य वाढलं, "आन पुढचं वळण त्याला दिसू दे."

तेव्हा मला वाटायचं आज्जी किती बारकं बारकं मागते. अख्खा देश "टायगर हिल घ्या, टायगर हिल घ्या" करायलाय आणि ही पायाचं घेऊन बसली. रस्त्याचं महत्त्व मला मोठेपणी वाचल्यावर कळलं. श्रीनगर-लेह रस्ता, जोझिला उतरलं की द्रास, मग कारगिल, आणि त्या रस्त्याच्या डोक्यावर तोलोलिंग आणि टायगर हिल. वर बसलेल्याला खालची गाडी न गाडी दिसणार. लेहला जाणारी रसद तिथून, आणि आपल्या बोफोर्सचे गोळे पण तिथूनच यायचे. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वर असतो. त्या लढाईत तोफगोळे, बॉम्ब, रॉकेट मिळून अडीच लाखांच्या आसपास डागले गेले असं वाचलंय, तर ते काय आपोआप वर गेले नाहीत, कोणीतरी शक्तिमान गाडीत भरून, अंधारात, एका बाजूला दरी ठेवून आणले. तात्या त्यातला एक. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल, तेव्हा टीव्हीवर झेंडा दाखवला, ड्रायव्हर कोणी दाखवला नाही. आज्जीच्या मागणीत मात्र वळण होतं.

आणि पायाचं. पायाचं मला तिनं त्याच उन्हाळ्यात सांगितलं, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा. आज्जी दहा-एक वर्षांची असताना पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताची फौज आली. त्याआधी निजामाच्या रझाकारांच्या धाकानं तिच्या घरचे रात्री घरात निजायचेच नाहीत, ज्वारीत जाऊन निजायचे, बारक्या पोरांच्या तोंडावर हात ठेवून. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज नळदुर्गात घुसली, रणगाडे, ट्रक, आणि चार-पाच दिवसात निजामाचा खेळ खलास, १७ तारखेला शरणागती. आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, भाषणं ऐकतो, आज्जीला मात्र त्यातलं आठवायचं ते एवढंच की दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडंला एक शिपाई बूट काढून बसला होता. पावसाचे दिवस. त्याचे पाय भिजून भिजून पांढरे पडलेले, सुरकुतलेले, "बाळंतिणीच्या हातावानी", बोटांच्या मधी चिरा. मिशी बारीक, वय काय असंल तर अठरा-एकोणीस. तिच्या आईनं करडीचं तेल कोमट करून वाटीत नेऊन दिलं. त्याची भाषा हिला कळंना, हिची त्याला कळंना, पण पायाला तेल लावताना तो रडायला लागला. का रडला काय माहीत. आज्जी म्हणायची, "लोकं म्हणत्यात फौज आली, फौज आली. मी बगितली ती फौज म्हंजे तेवढे दोन पाय."

तर तिच्या डोक्यात सैनिक म्हणजे तेव्हापासून पाय.

आता नवसाचं सांगते, कारण ह्या गोष्टीवरून आमच्या घरात तेव्हा चांगलंच वाजलं होतं. काकूच्या आईनं नवस बोलायचं ठरवलं, जावई सुखरूप आला की आईला साडी-चोळी आणि गोंधळ. एकदम कॉमन गोष्ट, आमच्याकडं म्हैस गाभण राहावी म्हणून पण नवस बोलतात. आज्जीनं सरळ नाही म्हणून सांगितलं. नवस म्हणजे सौदा, विहिरीला पाणी लागू दे मी पेढे वाटते, ठीक आहे. पण इथं सौदा करायला गेलं आणि देवी म्हणली बरं, ह्याच्यावरचा गोळा दुसऱ्यावर जाऊ दे, तर? दुसरा पण कोणाचा तरी आहेच ना, त्याची आई पण कुठंतरी बसलीच आहे नारळ घेऊन. "माझ्या साडीच्या पायी तिचं लेकरू नगं." काकूच्या आईला राग आला, विहिणी-विहिणीत दोन महिने बोलणं बंद. मी आज्जीच्या बाजूनं होते, पण खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं, मला फक्त पेढे बुडाल्याचं वाईट वाटत होतं.

आजोबांचं अजून वेगळं. ते सोमवारी रात्री जेवायचे नाहीत. मला वाटायचं महादेवाचा उपास, पण महादेवाचा सोमवार संध्याकाळी सोडतात आणि हे तर संध्याकाळचंच गाळायचे. १९६५ च्या लढाईच्या वेळी शास्त्रीजींनी आठवड्याला एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं होतं, सोमवारची रात्र. शास्त्रीजी गेले, लढाई संपली, हरितक्रांती झाली, रेशनवर गहू मिळायला लागला, आजोबांनी काय सोमवार सोडला नाही. कोणी सांगितलंच नाही परत जेवायला लागा म्हणून, असं म्हणायचे.

गावात टीव्ही तीन, त्यात रंगीत एक, आणि लाईट तर संध्याकाळी बातम्यांच्या टायमालाच जाणार. सगळे ग्रामपंचायतीसमोर बसायचे. लढाई अशी घरबसल्या बघायला मिळायची आपल्याकडं ती पहिलीच वेळ, तोफेचा आवाज झाला की पोरं टाळ्या वाजवायची. आणि मग पेट्या दाखवायचे. तिरंग्यात गुंडाळलेल्या. पेटी दिसली की बाया पदर तोंडाला लावायच्या आणि हळूच काकूकडं बघायच्या, काकू तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, ती उठून जायची. दोन-तीन दिवसांनी तिनं टीव्ही बघायला जायचंच बंद केलं, घरात बसून मेथी निवडायची. मेथी नसली तरी तांदूळ निवडायची, निवडलेले परत निवडायची.

शेजारच्या भाभींचा थोरला पण फौजेतच, तो तेव्हा राजस्थानात कुठंतरी. भाभी दर गुरुवारी धाराशिवला, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, गाझीबाबाच्या दर्ग्याला जायच्या. आज्जीनं एका गुरुवारी त्यांच्याकडं अगरबत्तीचा पुडा आणि पाच रुपये दिले आणि म्हणली आमच्या तात्याचं पण सांगा. आणि मला हाक मारून भाभींना पत्ता म्हणून दाखवायला लावला. भाभी हसायला लागल्या, म्हणल्या अहो बाबाला सगळं मालूम असतंय. आज्जी म्हणली, "असू द्या मालूम, तरीबी नंबर सांगा. नावाचे चार जण असत्यात." भाभींनी शेवटी तो माझ्याकडून एका चिठ्ठीवर लिहून मागितला. आणि दुसऱ्या दिवसापासून आज्जीच्या संध्याकाळच्या यादीत भाभींच्या पोराचा नंबर पण आला, तोही छप्पन एपीओच. मला वैताग, कारण तो पण मलाच पाठ करून घ्यावा लागला.

त्या वर्षी आषाढी जुलैच्या शेवटी आली, अधिक महिन्यामुळं सगळं पुढं ढकललेलं, आणि आषाढी झाली की दोन दिवसांनी, २६ जुलैला, लढाई संपल्याचं जाहीर झालं. तात्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. तो स्वतः आला दिवाळीला.

आला तो काळा ठिक्कर पडून, ओठ फुटलेले, आणि आल्या-आल्या जो झोपला तो तीन दिवस. जेवायला उठवलं तर अर्धी भाकरी खाऊन परत आडवा. लोक भेटायला यायचे, सरपंच हार घेऊन आले होते, काकूच्या माहेरचे धोंड्याचं सामान घेऊन आले (हो, दिवाळीत! अधिक महिना संपून पाच महिने झाले होते, पण काकूचे वडील म्हणले आमचा अधिक आता लागला, आणि पुरणाचे धोंडे चकल्या-करंज्यांच्या शेजारी वाढले), आणि जावईबापू घोरतायत. काकूच्या मामांनी जरा नाराजी दाखवली, एवढी माणसं आलीत, उठवा की. आज्जी उंबऱ्यात बसली. म्हणली, "दसऱ्याला शिलंगण खेळून आई पाच दिवस निजती. पलंगावर. कोण उठवतंय का तिला? मग ह्याला तीन दिवस निजू द्या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, जागेवरून हलवतात, आणि वर्षातून तीनदा देवी पलंगावर निजते. नवरात्राच्या आधी एकदा, शाकंभरी नवरात्राच्या आधी एकदा, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत. ह्या शेवटच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी नऊ दिवस लढून दमली म्हणून. लहानपणापासून ऐकत आले होते पण ते खरंच लढून आलेल्या माणसाची झोप असते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण तात्या झोपेत डाव्या पायानं क्लच दाबायचा. पांघरूण हलायचं.

चौथ्या दिवशी उठला तेव्हा मग बोलायला लागला. लढाईचं नाही, लढाईचं तो आजपण बोलत नाही. मंदिराचं बोलला. त्यांच्याकडं सर्वधर्म स्थळ असतं, एकाच छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, आणि पंडितजी, मौलवी, ग्रंथी हे पण वर्दीतले, हुद्देवाले. आज्जीला ते लई पटलं. "म्हंजे देवालाबी मिल्ट्रीची भरती हाय." आणि ट्रंकेतून त्यानं एक चिठ्ठी काढली. राखीपौर्णिमेला शाळांमधून राख्यांची पाकिटं आली होती, प्रत्येकात चिठ्ठी, सगळ्या चिठ्ठ्यांत तेच, वीर जवान तुझे सलाम, आम्हाला तुमचा अभिमान आहे, बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं असणार. एका चिठ्ठीत मात्र कोणा पोरीनं विचारलेलं, "दादा तिथे पाणी गोठतं तर तुम्ही दात कसे घासता?" ती एक त्यानं जपून ठेवलेली. बाकीच्यांचं काय केलं विचारलं तर म्हणला वाटून टाकल्या. मी आता स्वतः शिक्षिका आहे, दर वर्षी राख्या पाठवतो आम्ही, तर मी पोरांना फळ्यावर काही लिहून देत नाही. प्रश्न विचारा म्हणते. मागच्या वर्षी एकानं लिहिलं, तुम्हाला घरची आठवण आली तर साहेब ओरडतात का.

पुढं २००३ च्या आसपास तात्याची बदली सिक्कीमला झाली, तिथून त्यानं बाबा हरभजनसिंगांची गोष्ट आणली. १९६८ साली नथुला भागात वारलेले पंजाब रेजिमेंटचे जवान, त्यांचं मंदिर आहे, त्यांचा बिछाना रोज घालतात, बूट पॉलिश करून ठेवतात, आणि वर्षानुवर्षं त्यांना वार्षिक रजा पण मिळायची, रेल्वेत त्यांच्या नावानं बर्थ बुक करून पंजाबातल्या गावाला पाठवायचे सामानासकट. आज्जीनं ही गोष्ट त्याला चार वेळा सांगायला लावली. मग म्हणली, "मेलेल्याला सुट्टी देत्यात, मग जित्याची कॅन्सल का करत्यात?" तात्याकडं उत्तर नव्हतं.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती मला नीट लिहिता येईल का माहीत नाही. तात्या सुखरूप आल्यावर गावातल्या बाया आज्जीला म्हणायच्या, तुमचं गाऱ्हाणं आईनं ऐकलं. कोणीही असंच म्हणेल, चांगल्या मनानंच म्हणेल. आज्जी त्यावर कधी हो म्हणाली नाही. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. तिला हा आकडा माहीत नव्हता, पण पेट्या तिनं पण बघितल्या होत्या. एकदा एकीला ती चिडून म्हणली, "ऐकलं म्हंजे? त्या बायांनी काय कमी आवाजात मागितलं होतं?" सगळ्या गप्प. मी ह्या वाक्यावर नंतर लई विचार केलाय, विशेषतः कोणी मला "तुमची श्रद्धा होती म्हणून" वगैरे सांगायला लागलं की. मला वाटतं आज्जीला माहीत होतं की मागून मिळेलच असं काही नाही. मग ती रोज मागायची कशासाठी, तर मला एवढंच दिसतं की दिवसातून एकदा तरी त्या एका माणसाचा नंबर, पाय, झोप, रस्ता, सगळं एका ठिकाणी बसून कोणीतरी आठवावं. बाकी दिवसभर तो कोणासाठी जवान, कोणासाठी आकडा. आज्जी २०११ ला गेली. शेवटी शेवटी नातवंडांची नावं विसरायची, मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायची, पण नंबर शेवटपर्यंत बरोबर. "यक्स" सकट.

आणि मग मागच्या वर्षीचा मे. तात्याचा थोरला, तो ऑगस्ट २००० चा (हिशोब करा, दिवाळीची सुट्टी), अग्निवीरच्या पहिल्याच बॅचला लागला, २०२३ च्या जानेवारीत ट्रेनिंगला गेला. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्याचा शेवटचा मेसेज ६ तारखेचा, "ठीक आहे मम्मी, जेवलो, आता फोन लागणार नाही". मग स्विच ऑफ. कुठंय ते माहीत नाही, विचारायचं पण नसतं, तात्यानं काकूला आधीच दम दिलेला. चॅनेलवाले स्टुडिओत सायरन वाजवत एकामागून एक पाकिस्तानची शहरं घेत होते, तात्यानं टीव्हीची पिनच काढून ठेवली. माझ्या मोबाईलवर चार दिवसांत आलेल्या फॉरवर्डची संख्या सांगत नाही, सैनिकांसाठी रात्री दिवा लावा, हा मेसेज अकरा जणांना पाठवा, पाठवला नाही तर तुम्ही देशप्रेमी नाही. मी कोणाच्या भावनेला हसत नाही, पण घरातलं पोरगं तिकडं असलं ना की ते वाचून अंगावर काटा नाही येत, नुसती चिडचिड होते. अकरा जणांना कशाला, एकाला एक फोन करा, त्याच्या आईला विचारा जेवली का.

८ तारखेच्या रात्री अकराला काकूचा फोन. मला वाटलं काही झालं. ती हळू आवाजात म्हणली, "तुला आज्जीचं पूर्ण पाठ हाय ना गं? ते म्हण बरं एकदा." मी गॅलरीत जाऊन म्हणले. उदो उदो पासून. ती तिकडं वहीत लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता. नंबर पोराचा टाकायचा होता, तो तिनं त्याच्या ट्रंकेवरून उतरवून आणला होता, युनिट माहीत होतं, एपीओ तोच, छप्पन. एका जागी अडली.

"शिपाई म्हणू का अग्निवीर म्हणू?"

मला काय बोलावं कळंना. मग म्हणले, "अग्निवीरच म्हण काकू. पत्ता चुकायला नको."

"पायाचं म्हणू का? आता उन्हाळा हाय."

"म्हण. उन्हाळ्यात घामानं भिजत्यात."

१० मेला संध्याकाळी पाचला थांबलं. त्याचा फोन १३ ला आला, दीड मिनिट, त्यातला एक मिनिट तो घरच्या कुत्र्याबद्दल बोलला.

आता ह्या वर्षाअखेरीला त्याची चार वर्षं भरतायत. चौघांतला एक ठेवून घेतात, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी देऊन घरी पाठवतात. तात्याला पेन्शन आहे, पोराला नाही. ठेवून घेतलं तर नोकरी पक्की, पण मग अजून पंधरा वर्षं असेच मे महिने. नाही ठेवलं तर पंचवीस-सव्विसाव्या वर्षी पोरगं घरी, आणि आमच्याकडं शेतीचं आणि पोरांच्या लग्नाचं काय चाललंय ते सांगायला नको, नोकरी गेलेल्याला पोरगी कोण देतंय. काकू गेले सहा महिने ह्याच्यातच आहे.

मागच्या मंगळवारी मी आणि ती तुळजापूरला गेलो होतो. मी लातूरहून औशामार्गे, ती गावाहून, बसस्टँडवर भेटलो. दर्शन लवकर झालं. मग ती म्हणली चिंतामणीला जाऊ. देवळाच्या आवारात तो गोल दगड आहे, त्यावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न विचारायचा, उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही, जागेवर राहिला तर वेळ लागेल. शिवाजी महाराज मोहिमेला निघताना ह्यालाच विचारायचे असं सांगतात. रांग होती, बरीच होती. पोरांची परीक्षा, जमिनीची केस, लग्न, सगळे आपापला प्रश्न मनात धरून उभे. काकूचा नंबर आला, तिनं पदर डोक्यावरून घेतला, हात ठेवले, डोळे मिटले. आणि मिटलेच. एक मिनिट, दोन मिनिट. मागून एक जण म्हणला, ओ मावशी, उरका, एकच प्रश्न असतोय. तिचे ओठ हलायलेले मला दिसत होते आणि मला बरोबर कळत होतं ती कुठपर्यंत आली, नंबर झाला, अग्निवीर झालं, युनिट झालं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलंस, राहू दे म्हणलीस का येऊ दे?

"दोन्हीबी तोंडातून निघंना. नुसता पत्ता सांगितला आन पायाचं सांगितलं."

"आणि दगड? कुठं वळला?"

"बगितलंच न्हाई की," ती म्हणली, आणि एसटीची वेळ बघायला लागली. तिची धाकटी पोरगी आणि जावई धोंड्याला यायचेत, थोरल्याची पण तेवढ्यापुरती सुट्टी मंजूर झालीय म्हणतो, काकू म्हणते आला की खरं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, आणि ते तिनं अजून भिजवले नव्हते.